पंचतारांकित सोरट

‘पंचतारांकित’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? झुंबरं, काचेचे दरवाजे, दारात फेटेवाला दरवान, होय ना? मी रोज सकाळी पावणेसातला डबा घेऊन ज्या पंचतारांकित ठिकाणी जातो, तिथं यातलं काहीच नाही. तिथं काळी वाळू आहे, भट्टी आहे, लोखंडाचा कीस आहे आणि कितीही धुतलं तरी कपड्यांतून न जाणारा तेलाचा वास आहे. ही कागलची पंचतारांकित एमआयडीसी. कोल्हापूरहून पुणे-बंगळुरू महामार्गानं निपाणीकडे निघालात, की कागल गाव यायच्या आधी लक्ष्मी टेकडीपाशी तिचा फाटा लागतो. वसाहत दोन तालुक्यांत पसरली आहे, म्हणून कागदोपत्री तिचं नाव कागल-हातकणंगले. रस्ते, पाणी, वीज या सोयी वरच्या दर्जाच्या, म्हणून पाच तारे. इथं इंजिनं होतात, कापड होतं, सूत होतं आणि ओतीव लोखंडाचे सुटे भाग होतात. मी या शेवटच्या खात्यातला. तयार झालेला भाग मोजायचा आणि चांगला की टाकाऊ ते सांगायचं, हे माझं काम.

माझा भाचा आठवीत आहे. त्याच्या लेखी पाच तारे म्हणजे तिसरंच काहीतरी. तो मोबाइलवर मित्रांबरोबर एक लढाईचा गेम खेळतो. (नाव सांगत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी ओळखलंच असेल.) त्यात कपडे, टोप्या, बंदुकीवरची रंगीत नक्षी अशा वस्तू असतात आणि वस्तूंना तारे असतात. एक तारा म्हणजे चिल्लर. पाच तारे म्हणजे वर्गात एखाद्याकडंच असणारी. आणि ही पाच ताऱ्यांची वस्तू दुकानातून सरळ विकत मिळत नाही. एक बंद पेटी विकत घ्यायची. ती उघडली की आत जे निघेल ते तुमचं.

२०२५ च्या गणपतीत ताई आणि भाचा आमच्याकडं आले होते. ताई सूतगिरणीत आहे. रिंग-फ्रेमवर सूत तुटलं की सांधायचं. ८ तास बसणं नाही, नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. आरती झाली, मोदक झाले आणि ताईनं वीजबिल भरायला फोन उघडला. खात्यात पैसे कमी. तिनं मला दाखवलं. ७९ रुपये, ७९ रुपये, ७९ रुपये... अशा १५ ओळी. सगळे मिळून १,१८५ रुपये. दोन संध्याकाळींत गेलेले. तिच्या दोन रविवारच्या ओव्हरटाइमचे पैसे होते ते.

भाचेबुवा मखराच्या मागं वायर नीट करायच्या निमित्तानं जे गेले, ते बाहेर येईनात.

तुम्हाला वाटेल ताई ओरडली असेल. नाही. तिनं एवढंच विचारलं, “मिळालं का तरी तुला पाहिजे होतं ते?”

तो म्हणाला, “न्हाई.”

मग ती काही बोलली नाही. उठून भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. मार खाणं परवडलं असतं, असं त्या पोराच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

रात्री मी त्याला गच्चीवर घेऊन गेलो. आधी म्हणाला, सगळेच घेतात. मग म्हणाला, मजा येते. मग बऱ्याच वेळानं खरं बाहेर आलं. ते चौघं मित्र एका टोळीत खेळायचे. बाकी तिघांकडं भारी वस्तू आल्या. याचा गडी अजून गेम सुरू करताना फुकट मिळतात त्याच कपड्यांत. “तू बॉट दिसतोस,” म्हणत त्यांनी याला टोळीतून काढलं आणि चौथा दुसराच घेतला. (बॉट म्हणजे माणूस नसून यंत्र चालवत असलेला भिडू. आमच्या वेळी ‘लिंबूटिंबू’ म्हणायचे, त्यातलाच प्रकार.) “आणि मामा, त्या तिघांपेक्षा माझा नेम चांगलाय,” तो म्हणाला. “पण नेम कुठं दिसतोय? कपडे दिसतात.”

हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात आजही घर करून आहे.

मी त्याला रागावलो नाही, कारण मला माझी मोटार आठवली. मी तुमच्याएवढा होतो, तेव्हा कागलच्या गैबी पिराच्या उरुसात सोरटवाला बसायचा. सोरट माहीत आहे ना? एका पुठ्ठ्यावर कागदाच्या इवल्या इवल्या घड्या रांगेनं चिकटवलेल्या. चार आणे द्यायचे, एक घडी फाडायची, आत आकडा निघतो. मागच्या फळ्यावर त्या आकड्याची जी वस्तू टांगलेली, ती तुमची. फुगे, शिट्ट्या, कंगवे, अंगठ्या आणि सगळ्यांत वर, मधोमध, सेलवर चालणारी लाल मोटार. तिचा आकडा सात. आजोबांनी उरुसासाठी मला पाच रुपये दिले होते. पाच रुपयांच्या वीस घड्या होतात. मी वीसच्या वीस फाडल्या. चार शिट्ट्या, तीन कंगवे, बाकी फुगे आणि पेपरमिंटच्या गोळ्या. पाळण्यात बसलो नाही, भजी खाल्ली नाहीत. एका शिट्टीत तर वाटाणाच नव्हता.

उरूस संपला त्या संध्याकाळी मी तिथंच घुटमळत होतो. सोरटवाला पाल गुंडाळत होता, त्याला दोरी धरायला मदत केली. लाल मोटार तशीच फळ्यावर होती. मी विचारलं, “सात नंबर कुणालाच कसा लागला न्हाई?” तो हसला आणि त्यानं खिशातली तंबाखूची डबी उघडून दाखवली. आत एक घडी होती. “ह्यो बघ सात नंबर. लावल्यालाच न्हाई अजून. मोटार पयल्याच दिशी गेली, तर उरूसभर माझ्याकडं कोन येनार?”

गच्चीवर हे सांगितलं तर भाचा पोट धरून हसला. मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, “पण गेममध्ये तसं नसतं. तिथं लिहिलेलं असतं.” आणि खरंच, त्यानं दाखवलं. पेटीच्या चित्राशेजारी एक बारीक खूण होती. ती दाबली, की त्याहून बारीक अक्षरांत यादी येत होती. त्याला हवी होती त्या वस्तूपुढं लिहिलं होतं: शेकडा १.

म्हणजे माझ्या सोरटवाल्यापेक्षा हा गेम प्रामाणिकच म्हणायचा! आकडा डबीत लपवलेला नाही, सगळ्यांदेखत सांगितलेला आहे. मग माझा भाचा फसला कसा?

दुसऱ्या दिवशी आम्ही एक उद्योग केला. तुम्हीही करून पाहा, खर्च काही नाही. एका पिशवीत १०० चिंचोके घेतले. त्यातल्या एकाला ताईच्या नेलपॉलिशनं लाल केलं. न बघता हात घालायचा, एक काढायचा, बघायचा, परत पिशवीत टाकायचा, हलवायचं. परत टाकायचं विसरू नका, नाहीतर सगळी गंमत जाईल. पहिल्या खेपेला लाल चिंचोका तेविसाव्या वेळीच निघाला. भाचेबुवा अंगणभर नाचले. दुसऱ्या खेपेला पन्नास झाले, शंभर झाले, दीडशे झाले. लाल काही येईना. मी म्हटलं, “आता इतक्या वेळा रिकामा गेलास, म्हणजे पुढच्या वेळी नक्की येणार.”

“येणारच!”

“का बरं? तू किती वेळा हात घातलास ते चिंचोक्यांना माहीत आहे?”

त्यानं पिशवी उघडून आत पाहिलं. खरंच पाहिलं, जणू चिंचोके काही बोलणार होते. १८७ वर तो कंटाळला आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

आता थोडं गणित. शेकडा एक शक्यता, म्हणजे शंभर वेळा केलं की एकदा मिळतंच, असं आपल्याला वाटतं. ते चूक आहे. १०० मुलांनी प्रत्येकी १०० पेट्या उघडल्या, तर त्यांतली सुमारे ३७ मुलं शंभरही पेट्या उघडून रिकामी राहतील. आणि माझ्या भाच्यासारख्या पंधराच पेट्या उघडल्या, तर १०० पैकी ८६ मुलं रिकाम्या हातानं परत येतील. कॅल्क्युलेटर घ्या, १ ला ०.९९ नं पंधरा वेळा गुणत गेल्यासारखं करा, कळेल. काही गेम ‘अमुक पेट्यांनंतर नक्की देऊ’ असा शब्दही देतात. २०२० साली आलेल्या गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पाच ताऱ्यांचं काहीतरी नव्वदाव्या खेपेपर्यंत निघतंच. ऐकायला बरं वाटतं. पण ऐंशी वेळा रिकामा गेलेला पोरगा मग थांबेल का? “आता दहाच राहिल्या!” म्हणेल.

थांबता का येत नाही, याचं उत्तर कबुतरांनी दिलेलं आहे. अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते पेटीत कबुतर ठेवायचे. भिंतीवरच्या चकतीवर कबुतरानं चोच मारली की दाणा. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा खाऊन जरा विसावा घ्यायचं. पण दाणा कधी दोन टोचांनी, कधी साठ टोचांनी, असा बेभरवशाचा केला, की ते विसावा घ्यायचंच विसरायचं. दाणे अजिबात बंद केले तरी कितीतरी वेळ टोचतच राहायचं. स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी १९५७ साली यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. पेट्या विकणाऱ्यांनी ते वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. पण भाच्याचा अंगठा मी पाहिला आहे.

जगात यावर भांडणं झालेली आहेत, बरं का. जपानमध्ये नाणं टाकलं की खेळण्याची डबी पडणारी यंत्रं असतात, त्यांच्यावरूनच या प्रकाराला ‘गाचा’ हे नाव पडलं. पेट्यांतून तुकडे गोळा करून पूर्ण संच झाला तरच मोठं बक्षीस, असा एक प्रकार तिथं २०१२ मध्ये बंद करायला लावला. चीननं २०१७ पासून शक्यता जाहीर करायला भाग पाडलं. बेल्जियमनं २०१८ मध्ये काही गेममधल्या विकतच्या पेट्यांना सरळ जुगार म्हटलं. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.

हा कायदा मी भाच्याला मोठ्या रुबाबात समजावून सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, “मामा, तू पण क्रिकेटची टीम लावत होतास की. चहाच्या सुट्टीत. ४९ रुपयांची.”

आता काय बोलणार? लावत होतो. आमच्या खात्यातले बरेच जण लावत होते. मी दोन आयपीएल लावली, एकदा ३०० रुपये मिळाले, ते सगळ्यांना सांगितलं. गेले किती, ते कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. बंदी आली म्हणून थांबलो, शहाणपण आलं म्हणून नव्हे. पालकांनो, मुलाचा फोन हिसकावण्याआधी आपलाही एकदा तपासा.

पण एक गोष्ट भाच्याला सांगायची राहिली होती, आणि ती गच्चीवर सांगून कळण्यासारखी नव्हती. ती कारखान्यातच दाखवावी लागते. एरवी पोरांना आत सोडत नाहीत, सोडूही नये. पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. मशीन बंद, हार घातलेले, घरची माणसं पेढे घ्यायला येतात. भाच्याला घेऊन गेलो.

त्याला आधी टाकाऊ मालाचा ढीग दाखवला. ओतीव भागात कधी कधी आत हवा अडकून पोकळी राहते, तिला आम्ही ब्लोहोल म्हणतो. बाहेरून माल छान दिसतो, मशीनवर कापायला घेतला की आतली भोकं उघडी पडतात. मी नोकरीला नवा लागलो, तेव्हा असा माल निघाला की जुने लोक म्हणायचे, “आज दिवसच खराब.” सोमवार तर फारच खराब असायचा. मग एका साहेबांनी सांगितलं, नशीब राहू दे बाजूला, लिहून काढा. कुठल्या पाळीत, कुठल्या साच्यात, वाळूत पाणी किती. दोन महिने लिहिलं. रविवारी वाळू पडून असायची आणि सोमवारी पहिल्या पाळीत तिच्यात पाणी अंदाजानं मारलं जायचं. ओल जास्त झाली, की तापलेला रस ओतल्यावर तिची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच घर करते. पाणी मोजून घालायला लागलो. सोमवार इतर दिवसांसारखा झाला.

“म्हणजे तुम्ही नशीब काढून टाकता?” भाच्यानं विचारलं.

मी असा विचार कधी केला नव्हता, पण होय. एवढ्या मोठ्या कारखान्यात मला पगार मिळतो तो जिथं जिथं नशीब लपलेलं असेल तिथून त्याला हुडकून बाहेर काढायला. आणि त्याच्या गेममध्ये कुणाला तरी पगार मिळतो तो नशीब नेमकं किती घालायचं ते ठरवायला. शेकडा एक. जरा जास्त नाही, जरा कमी नाही.

नशीब मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. सापशिडीत नशिबाशिवाय दुसरं काय आहे? तरी आपण खेळतोच. भाच्याच्या गेममध्येही सगळे विमानातून रिकाम्या हातानं उड्या मारतात, कुणाला समोरच बंदूक सापडते, कुणाला नुसता तवा. ते नशीब सगळ्यांना सारखं, फुकट आणि त्या डावापुरतं. पुढं काय करायचं ते हातात असतं. आपल्या कोल्हापुरात शिकलेले, इथल्याच मातीत घुमलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. गट कुठला, समोर कोण येणार, यात नशीब असणारच. पण सहाव्याचं तिसरं व्हायला मधली चार वर्षं लागली. ती कुठल्या पेटीतून निघत नाहीत.

तसंच ‘लेव्हल वाढली’ म्हणून हुरळूनही जाऊ नका. रोज गेम उघडला, की नुसत्या हजेरीचे गुण देणारे गेम पुष्कळ आहेत. लेव्हल साठ आणि नेम अजून भिंतीवर, असे महाभाग भाच्याच्या वर्गातच आहेत म्हणे. ती वाढ गेमची, खेळणाऱ्याची नव्हे.

तर खंडेनवमीला आमच्या खात्यातले थोरले सेटरकाका पेढे वाटत होते. ते वीस-बावीस वर्षांपूर्वी कीस झाडायला म्हणून लागले. आज कुठलंही मशीन बिघडलं तर आधी त्यांना हाक जाते. भाच्यानं त्यांना विचारलं, “काका, तुमची लेव्हल किती?”

काकांना काही कळलं नाही. मी समजावलं. ते जरा विचारात पडले, मग टेबलावरचा एक भाग आणि व्हर्निअर त्याच्या हातात दिला. “ह्या भोकाचा व्यास मोज. तीनदा.”

भाच्यानं मोजला. ४०.०२. मग ३९.९४. मग ३९.९८. तीन वेळा, तीन उत्तरं.

काकांनी व्हर्निअर घेतला. ४०.०४. बंद केला, उघडला, परत ४०.०४. तिसऱ्यांदा डोळे दुसरीकडं करून जबडे लावले आणि मग आकडा त्यालाच वाचायला सांगितला. ४०.०४.

भाचा तोंड उघडं ठेवून बघत होता. मला ठाऊक आहे, त्या क्षणी त्याला पाच तारे दिसत होते.

“कसं काय?” त्यानं विचारलं.

“जबडा भोकाच्या मधोमध बसला न्हाई, की आकडा कमी येतो. बोटाला कळतं. मला कळायला सहा महिनं लागलं,” काका म्हणाले आणि पेढ्यांचं खोकं घेऊन पुढं गेले.

ताईचे १,१८५ रुपये भाचा फेडतो आहे. खाऊचे पैसे ती कापून घेते, महिना ५० रुपये. वहीत लिहून ठेवलंय. गेम अजून खेळतो. त्या टोळीत परत गेला नाही. दोन पोरं चुलतभाऊ आहेत, त्यांच्याबरोबर खेळतो. फुकटच्या कपड्यांत. पेट्या उघडत नाही असं सांगतो. मी विश्वास ठेवतो आणि ताई फोनला नवा पासवर्ड ठेवते.

माझा एक जुना व्हर्निअर घरी होता, तो त्यानं नेला. गेल्या रविवारी त्यांच्याकडं गेलो, तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची तोंडं मोजून झालेली होती आणि आता तो पाण्याच्या नळाच्या तुकड्याशी झटत होता. मी जाऊन मागं उभा राहिलो. पहिला आकडा आला २१.३४. दुसरा २१.३४. त्यानं हळूच माझ्याकडं बघितलं, श्वास धरला, तिसऱ्यांदा जबडे लावले.

२१.३०.

“थांब मामा,” तो म्हणाला, “परत.”